सवलतीची बाटली, घरचा लेप आणि त्वचेचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या दीड वर्षात सवलती पाहून घेतलेल्या बारा-तेरा बाटल्या आणि डब्या तुमच्याकडे साठल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्या अर्धवट वापरून पडून आहेत. हा खर्च थांबवावा म्हणून तीन महिन्यांपासून तुम्ही लिंबू आणि साखरेचा स्क्रब, खाण्याच्या सोड्याचा लेप आणि मध-दह्याचा लेप घरीच करून लावत आहात. आता चेहरा एकाच वेळी तेलकटही वाटतो आणि ओढल्यासारखा कोरडाही. गालांवर लाली राहते आणि नुसते पाणी लागले तरी चुणचुणते. पैसे नेमके कोठे वाचवावेत आणि घरचे उपाय चालू ठेवावेत की सोडावेत, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी वीसहून अधिक वर्षे प्रसाधनांची सूत्रे बसवण्याचे काम करते आहे. क्रीम, लोशन किंवा फेसवॉशमध्ये काय, किती आणि कोणत्या क्रमाने घालायचे आणि ते बाटलीत दोन वर्षे टिकेल कसे, हे ठरवणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे उत्तर त्या बाजूने देते. निरोगी त्वचेला बाहेरून रोज लागणाऱ्या गोष्टी तीनच आहेत: हळुवार स्वच्छता, ओलावा धरून ठेवणारा एखादा थर आणि उन्हापासून संरक्षण. यांतल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी अगदी स्वस्त उत्पादन किंवा घरातला एखादा साधा पदार्थ पुरतो. तिसरी मात्र विकतच घ्यावी लागते. मुरुमे, डाग किंवा सुरकुत्या यांच्यासाठी लागणारे घटक ज्याच्या-त्याच्या गरजेनुसार आणि एका वेळी एकच आणावेत. तुमच्या कपाटातल्या गर्दीचे आणि चेहऱ्याच्या तक्रारीचे मूळ एकच आहे: फार गोष्टी, फार लवकर बदलत, फार जोराने लावल्या गेल्या.

आधी चेहऱ्याबद्दल बोलू. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्शाइतकीच भरते. या पेशींच्या विटा आणि त्यांच्यामधला सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले या स्निग्ध द्रव्यांचा गिलावा मिळून एक भिंत तयार होते. आतले पाणी बाहेर उडू न देणे आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत येऊ न देणे हे तिचे काम. भिंतीचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारण ४.७ ते ५.५ पीएचचा असतो (पीएच हे आम्लता मोजण्याचे माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क). हा आम्लपणा टिकला तरच गिलावा तयार करणारी विकरे (एन्झाइम) नीट काम करतात आणि मृत पेशी आपोआप, न दिसता, गळत राहतात. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ च्या आसपास असतो, तर खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा ८ च्या वर. पीएचचा एक अंक म्हणजे दहापट फरक. म्हणजे ५ वरून ८ वर जाणे हा हजारपट बदल झाला. तुम्ही आठवड्यातून दोनदा त्वचेला एका टोकाला नेत होता आणि दोनदा दुसऱ्या टोकाला. एकाने दुसऱ्याचा परिणाम भरून निघतो असे मानणारे बरेच जण मला भेटतात, पण दोन धक्के मिळून तोल साधत नाही. भिंतीला दोनदा तडे जातात.

साखरेच्या कणांचे गणितही समजून घ्या. साखरेचे स्फटिक कोनदार असतात आणि चेहऱ्यावर किती दाब पडतो आहे याचा अंदाज हाताला येत नाही. कोपर किंवा टाच घासायला ते ठीक आहेत, कारण तिथला थर जाड असतो. गालावर मात्र न दिसणारे ओरखडे उठतात आणि त्याच ओरखड्यांत लिंबाचा रस झिरपतो. चुणचुणते आहे ते त्यामुळेच. ‘चुणचुणते म्हणजे काम करते आहे’ ही समजूत माझ्या धंद्यातील लोकांनीच एके काळी पसरवली, हेही कबूल केले पाहिजे.

चेहरा तेलकट आणि कोरडा एकाच वेळी कसा, असे तुम्हाला वाटणे स्वाभाविक आहे. चेहऱ्यावर चकाकणारे तेल तैलग्रंथींतून येते. भिंतीतला गिलावा त्वचेच्या पेशी, मृत होऊन वर येण्याआधी, स्वतः बनवतात. ही दोन वेगळी खाती आहेत. गिलावा झिजला की पाणी उडून जाते आणि त्वचा ओढते, पण ग्रंथी त्यांच्या गतीने तेल सोडतच राहतात. अशा वेळी तेल घालवण्यासाठी आणखी घासणे म्हणजे चुकीच्या खात्यातून रक्कम काढणे होय.

लिंबाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण तिचा परिणाम महिनोन्‌महिने राहू शकतो. लिंबू आणि त्या वर्गातल्या फळांच्या सालीत व रसात फ्युरोकौमारिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना उन्हातले यूव्हीए हे अतिनील किरण पडले, तर ॲलर्जी नसलेल्या माणसालाही भाजल्यासारखी प्रतिक्रिया येऊ शकते: एक-दोन दिवसांनी लाली, कधी फोड आणि नंतर रेघोट्यांसारखे तपकिरी डाग. डाग घालवण्यासाठी लिंबू लावले आणि नवे डाग पडले, अशी ही विचित्र गोष्ट असते. ‘पण लिंबात सी जीवनसत्त्व असते ना?’ असते, पण १०० मिलिलिटर रसात साधारण ५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्का. त्वचेसाठी अभ्यासलेल्या सीरममध्ये ॲस्कॉर्बिक आम्लाचे प्रमाण १० ते २० टक्के असते. दोनशे-चारशेपट कमी द्रव्य मिळवण्यासाठी सायट्रिक आम्लाचा एवढा मारा सोसण्यात काहीच शहाणपण नाही. म्हणून लिंबू, सोडा आणि साखर या तिन्ही गोष्टी आजपासून चेहऱ्यासाठी पूर्ण बंद करा. याच यादीत मुरुमांवर लावली जाणारी टूथपेस्ट, न पातळ केलेला व्हिनेगर, दालचिनीची पूड आणि डिंकासारखे घट्ट चिकटून सोलून काढायचे घरगुती मास्क हेही ठेवा. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागाने त्वचा घट्ट वाटते, ती केवळ वाळलेल्या प्रथिनाच्या पापुद्र्यामुळे. त्या बदल्यात तोंडाजवळ साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू येण्याचा धोका पत्करण्याचे कारण नाही.

मध आणि दही यांच्याबाबत माझे मत सौम्य आहे. मधात मुक्त पाणी फारच कमी असते, तो आम्लधर्मी असतो आणि पातळ झाला की त्यातल्या एका विकरामुळे अल्प प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते; त्यामुळे जंतूंना तो मानवत नाही. शिवाय तो पाणी धरून ठेवतो. दहा-पंधरा मिनिटे ठेवून धुतलेल्या मधाने त्वचा थोडा वेळ मऊ वाटते आणि त्यापलीकडे फारशी अपेक्षा ठेवू नये. जखमांवर रुग्णालयात वापरला जाणारा मध निर्जंतुक केलेला असतो. घरातली बरणी जखमेवर वापरू नये. दह्यात लॅक्टिक आम्ल असते, पण एखाद-दुसऱ्या टक्क्याच्या आसपास, आणि दह्याच्या पीएचला त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा त्वचेत शिरू शकणाऱ्या मुक्त रूपात असतो. म्हणून दही ‘साल काढते’ हा दावा फुगवलेला आहे. नुकसानही फारसे नाही, मात्र तुमची त्वचा सध्या ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत तेही लावू नका.

मग घरचे काय ठेवावे? मला विचाराल तर सर्वप्रथम ओट्स. बारीक दळलेल्या ओट्सचा त्वचेवरचा उपयोग इतका भक्कम मानला गेला आहे की अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये त्याला त्वचारक्षक घटक म्हणून मान्यता दिली. त्यातील बीटा-ग्लुकन पाणी धरते, स्टार्च पातळ थर देते आणि ॲव्हेनॅन्थ्रामाइड नावाची द्रव्ये खाज व दाह कमी करतात. साखर, स्वाद किंवा सुकामेवा नसलेले साधे ओट्स मिक्सरमध्ये अगदी पिठासारखे दळा. चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात टाकून ढवळल्यावर पाणी दुधाळ झाले आणि तळाशी लगेच गाळ बसला नाही, तर दळण पुरेसे बारीक आहे असे समजा. दोन चमचे पीठ कोमट पाण्यात कालवून पातळ लेप करा, दहा मिनिटे ठेवा आणि वाळून ताणण्याआधी भरपूर पाण्याने उतरवा, चोळू नका. उरलेला लेप टाकून द्या. ओट्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी, आणि सतत इसब असलेल्या लहान मुलांसाठी, हा प्रयोग वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नये.

दुसरी गोष्ट पेट्रोलियम जेली. ही घरी बनत नाही आणि ‘नैसर्गिक’ या शब्दाच्या चौकटीतही बसत नाही, पण स्वस्ताईचा विचार करणाऱ्याने तिच्याकडे पाठ फिरवणे म्हणजे हातातले सोडून पळत्यापाठी जाणे. रॉबर्ट चीझब्रो याने १८७२ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि तेव्हापासून आजपर्यंत त्वचेतून उडणारे पाणी अडवण्यात तिला मागे टाकणारा पदार्थ क्वचितच सापडला आहे. औषधी दर्जाची जेली चांगली शुद्ध केलेली असते, तिच्यात पाणी नसल्यामुळे जंतू वाढत नाहीत आणि तिची ॲलर्जी अत्यंत विरळ आहे. रात्री ओलसर चेहऱ्यावर, वाटाण्याच्या अर्ध्या आकाराएवढी जेली तळहातांत पसरवून नुसती टेकवत लावली, तर ती चिकटही वाटत नाही. सक्रिय मुरुमे असलेल्या भागावर मात्र लावू नका, कारण घाम आणि तेल खाली अडकून राहते.

तेलांच्या बाबतीत लोकांचा उत्साह मोठा असतो आणि इथे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. सर्व तेले त्वचेसाठी सारखी नसतात. कोणते मेदाम्ल किती आहे यावर सगळे अवलंबून असते. ऑलिव्ह तेलात ओलिइक आम्ल भरपूर असते आणि ते भिंतीतल्या गिलाव्याची रचना सैल करते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही आठवडे ऑलिव्ह तेल लावलेल्या हातांच्या त्वचेची भिंत कमकुवत झालेली आढळली, तर लिनोलिइक आम्ल जास्त असलेल्या सूर्यफुलाच्या तेलाने तसे नुकसान झाले नाही. म्हणून कोरड्या हातापायांना तेल लावायचेच असेल, तर लिनोलिइकप्रधान सूर्यफुलाचे तेल निवडावे. बाटलीवर ‘हाय ओलिइक’ लिहिलेले असेल तर ते वेगळे वाण आहे, हे लक्षात ठेवा. खोबरेल तेल अंगाच्या कोरडेपणासाठी चांगले काम करते, पण मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर ते मी सुचवत नाही. शिवाय कपाळावर, केसांच्या रेषेजवळ सारख्या आकाराचे खाजरे बारीक पुरळ येत असेल, तर ते मॅलेसेझिया या यीस्टचे असू शकते आणि तेलांतली मेदाम्ले हे त्याचे आवडते खाद्य आहे. सुगंधी तेले, म्हणजे लॅव्हेंडर, टी ट्री वगैरे, ही वेगळीच जात. ती हवेत उघडी राहून जुनी झाली की त्यांतील घटकांचे ऑक्सिडीकरण होते आणि ॲलर्जी निर्माण करण्याची त्यांची क्षमता वाढते. मुरुमांवर ५ टक्के टी ट्री तेलाचा उपयोग अभ्यासात दिसला आहे, परंतु तो पातळ केलेल्या जेलमध्ये. बाटलीतला थेंब थेट मुरुमावर टेकवणे हा उपाय नव्हे.

तिसरी गोष्ट ग्लिसरीन. जगातल्या बहुतेक मॉइश्चरायझरांत हेच खरे कष्ट करते आणि नाव मात्र लेबलच्या पुढच्या बाजूवर दुसऱ्याच कुणाचे छापलेले असते. निव्वळ ग्लिसरीन चिकट असते आणि कोरड्या हवेत ते त्वचेतलेच पाणी ओढते. म्हणून ते पातळ करूनच लावावे. एक भाग ग्लिसरीन आणि नऊ भाग उकळून गार केलेले पाणी तळहातावर किंवा छोट्या वाटीत, त्या वेळेपुरतेच मिसळा, ओल्या चेहऱ्यावर लावा आणि वरून क्रीम किंवा जेलीचा पातळ थर द्या.

‘त्या वेळेपुरतेच’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. घरगुती प्रसाधनांतला सर्वांत मोठा धोका घटकांत नसतो, साठवणीत असतो. ज्यात पाणी आहे आणि प्रिझर्व्हेटिव्ह नाही, अशा कोणत्याही मिश्रणात जंतू, यीस्ट आणि बुरशी वाढणारच; कोरफडीचा ताजा गर, काकडीचा रस, फुलांचे पाणी, दूध या सगळ्यांना हे लागू पडते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः घरी कोरफडीच्या गराचे एक सुंदर, पांढरेशुभ्र क्रीम बनवले होते आणि प्रयोगशाळेत उगाच गंमत म्हणून त्याचा नमुना तपासायला ठेवला. सहाव्या दिवशीच्या नमुन्याच्या थाळीवर मोजता येणार नाहीत इतक्या वसाहती उगवल्या होत्या आणि त्याच दिवशी सकाळी ते क्रीम वासाला व दिसायला निर्दोष वाटल्यामुळे मी चेहऱ्याला लावूनही आले होते. वास बिघडतो किंवा रंग बदलतो, तोवर फार उशीर झालेला असतो. स्यूडोमोनाससारखे जंतू अशा ओलसर मिश्रणांत आरामात वाढतात आणि डोळ्यात किंवा खरचटलेल्या त्वचेत गेले तर गंभीर संसर्ग करू शकतात. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल किंवा द्राक्षाच्या बियांचा अर्क घातला म्हणजे मिश्रण टिकते, हा सल्ला चुकीचा आहे. ई जीवनसत्त्व तेलाला खवट होण्यापासून काही काळ वाचवते. जंतूंना ते थोपवत नाही. फ्रिजमध्ये ठेवल्याने वाढ मंदावते, थांबत नाही. म्हणून नियम सोपा ठेवा: पाणी असलेले घरगुती मिश्रण त्याच दिवशी संपवायचे किंवा टाकायचे. केवळ तेल, मेण किंवा बटर यांचे बाम कोरड्या चमच्याने काढले तर काही महिने टिकतात, पण न्हाणीघरात ओल्या बोटांनी डबी उघडणाऱ्याच्या घरी तेही नाही.

सनस्क्रीन घरी करू नये, हे मी एका वाक्यात सांगून सोडले असते. तरी झिंक ऑक्साइडची पूड खोबरेल तेलात मिसळण्याचे प्रयोग अजून चालू दिसतात, म्हणून कारण सांगते. पुडीचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. कारखान्यात ते फोडण्यासाठी आणि पुन्हा गोळा होऊ न देण्यासाठी विशिष्ट यंत्रे आणि विखुरक द्रव्ये लागतात. घरच्या मिश्रणाचा थर डोळ्यांना सलग पांढरा दिसला, तरी त्यात अतिनील किरणांना आरपार जाऊ देणारी भोके असतात आणि ती मोजण्याचे साधन कुणाच्याही घरात नसते. विकतच्या सनस्क्रीनमध्ये एसपीएफ (डबीवर लिहिलेला संरक्षणाचा आकडा) १५ साधारण ९३ टक्के, ३० साधारण ९७ टक्के आणि ५० साधारण ९८ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण, अडवते. हे आकडे त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर धरून काढलेले असतात आणि प्रत्यक्षात बहुतेक लोक याच्या निम्मेही लावत नाहीत. त्यामुळे महागड्या ५० चा नखभर थेंब लावण्यापेक्षा स्वस्त ३० भरपूर लावणे जास्त राखते. यूव्हीए संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख मात्र डबीवर पाहून घ्या.

आता सवलतींकडे वळते. पहिले काम अंकगणिताचे आहे. ‘दोन घ्या, तिसरे मोफत’ म्हणजे एक तृतीयांश सूट, पण तीनही नग तुम्ही मुदतीत संपवणार असाल तरच. ‘दुसरे अर्ध्या किमतीत’ ही ५० टक्क्यांची वाटणारी सूट प्रत्यक्षात २५ टक्क्यांची असते. ‘४० टक्के आणि त्यावर आणखी २० टक्के’ यांची बेरीज ६० होत नाही; उरलेल्या ६० वर २० टक्के गेले की एकूण ५२ होते. आणि मूळ किंमत आधी वाढवून मग कापलेली आहे का, हे ओळखायचा एकच मार्ग आहे: तुम्ही नेहमी वापरता त्या दोन-तीन वस्तूंचा दर मिलिलिटरमागे किंवा ग्रॅममागे लिहून ठेवा आणि सवलत पाहताना त्या आकड्याशीच तुलना करा. डबीची उंची, जाड काचेचा तळ आणि दुहेरी भिंतीची बरणी डोळ्यांना फसवण्यासाठीच घडवलेली असते. निव्वळ वजन फसवत नाही.

दुसरे काम, वापर मोजण्याचे, आणि इथे बहुतेकांचे पैसे वाया जातात. चेहरा आणि मान मिळून सनस्क्रीन एका वेळी सव्वा ग्रॅमच्या आसपास लागते, म्हणजे ५० ग्रॅमची नळी रोज एकदा लावल्यास सुमारे चाळीस दिवसांत संपायला हवी. तुमची नळी सहा महिने पुरत असेल, तर ती काटकसर नव्हे; संरक्षणच मिळालेले नाही. म्हणून सनस्क्रीन, फेसवॉश आणि साधे मॉइश्चरायझर यांचे मोठे पॅक सवलतीत घेणे फायद्याचे असते. सीरमचे गणित उलटे आहे. चार थेंब म्हणजे साधारण ०.२ मिलिलिटर धरले तर ३० मिलिलिटरची बाटली पाच महिने पुरते. पण सी जीवनसत्त्वाचे, म्हणजे शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्लाचे, सीरम उघडल्यानंतर हवा आणि उजेड लागून त्याआधीच पिवळे-तपकिरी होऊ लागते. इथे मिलिलिटरमागे महाग पडणारी १५ मिलिलिटरची बाटलीच खरी स्वस्त असते. दोन बाटल्यांचा कॉम्बो तर सरळ नुकसान. डबीवरचे उघड्या झाकणाचे चिन्ह आणि त्यातला ‘६ एम’, ‘१२ एम’ असा मजकूर उघडल्यापासूनचे महिने सांगतो; उघडलेल्या दिवशी तारीख पेनने तळाशी लिहा. सवलत फार मोठी असेल, तर पहिली नजर एक्स्पायरीवर टाका, कारण मुदत जवळ आलेला माल असाच काढला जातो. पुढच्या दोन महिन्यांत वापरून संपवणार असाल तर असा फेसवॉश खुशाल घ्या. सनस्क्रीन घेऊ नका.

तिसरे काम घटकांची यादी वाचण्याचे. बहुतेक देशांतल्या नियमांप्रमाणे घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, आणि १ टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फिनॉक्सिइथेनॉल हे नेहमीचे प्रिझर्व्हेटिव्ह अनेक ठिकाणी १ टक्क्यापर्यंतच वापरता येते. म्हणून यादीत त्याच्या नंतर आलेला ‘मोत्यांचा अर्क’ किंवा ‘दुर्मीळ फुलाचा अर्क’ १ टक्क्याहून जास्त नाही, हे निश्चित समजा. अशा अर्कांचे प्रमाण किती कमी ठेवता येते आणि तरीही त्यांचे चित्र डबीवर किती मोठे छापता येते, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. कोलॅजेनचे क्रीम घेण्याआधी लक्षात घ्या की सुमारे ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) मोठे रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाहीत आणि अखंड कोलॅजेनचा रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा असतो. त्वचेच्या पृष्ठभागाला ओलावा देण्याचे काम तो करील. तेच काम ग्लिसरीनही करते.

टक्केवारी जास्त म्हणजे माल चांगला, हा समजही खर्चिक ठरतो. मुरुमांसाठी वापरले जाणारे बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांना लाल मुरुमांवर ५ आणि १० टक्क्यांइतकेच काम करते, हे १९८० च्या दशकातच दाखवले गेले आहे; वाढते ती जळजळ. नायासिनामाइडवरचे (बी-३ जीवनसत्त्वाचे एक रूप) चांगले अभ्यास बहुतांशी २ ते ५ टक्क्यांचे आहेत. १० टक्क्यांच्या बाटलीसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण मला अजून कुणी पटवून दिलेले नाही.

एका बाबतीत मात्र स्वस्ताई पाहूच नये. अल्प दिवसांत गोरेपणा किंवा डागमुक्ती देणारी, घटकांची यादी नसलेली, किंवा ‘घरगुती मिश्रण’ म्हणून सुटी विकली जाणारी क्रीम कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. अशा क्रीममध्ये पारा किंवा तीव्र स्टेरॉइड सापडण्याचे प्रकार जगभर वारंवार घडले आहेत. पाऱ्याने मूत्रपिंड आणि मज्जासंस्था यांना इजा होते, आणि तो वापरणाऱ्यापुरता मर्यादित राहत नाही. टॉवेल-उशीवाटे घरातल्या मुलांपर्यंत पोहोचतो. २०१३ च्या मिनामाता करारात पारायुक्त प्रसाधनांवर बंदीची तरतूद झाली ती याच कारणाने. यादीत कॅलोमेल किंवा मर्क्युरी असा कोणताही शब्द दिसला तर डबी बंद करून वेगळी ठेवा. स्टेरॉइडची खूण अशी की पहिले काही आठवडे त्वचा विलक्षण नितळ दिसते आणि क्रीम बंद करताच लाली, पुरळ आणि आग होऊ लागते. असे झाल्यास स्वतःच्या मनाने चालू-बंद न करता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.

तुमच्या कपाटाचे आता असे करा. सर्व बाटल्या टेबलावर मांडा आणि मुदत संपलेल्या, वास किंवा रंग बदललेल्या, पाणी व तेल वेगळे झालेल्या आणि घटकांची यादी नसलेल्या काढून टाका. उरलेल्यांतून सुगंध नसलेला एक सौम्य फेसवॉश, एक साधे मॉइश्चरायझर आणि एक सनस्क्रीन बाजूला ठेवा. सीरम, टोनर, सोलणारी आम्ले आणि रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचे एक रूप) बंद खोक्यात, उजेडापासून दूर जाऊ द्या. चार आठवडे फक्त या तीन गोष्टी, रात्री हवी तर जेली आणि आठवड्यातून एक-दोनदा ओट्सचा लेप. वरच्या थराला नव्याने घडायला साधारण एवढाच काळ लागतो. सकाळी फेसवॉश न वापरता नुसत्या कोमट पाण्याने चेहरा धुतला तरी चालेल. त्वचेच्या रंध्रांना स्नायू नसल्यामुळे ती गरम पाण्याने उघडत नाहीत आणि बर्फाने मिटत नाहीत, तेव्हा वाफ घेण्याचाही त्रास घेऊ नका. लाल झालेल्या त्वचेला उष्णता सोसत नाही.

चार आठवड्यांनी पाणी लागून चुणचुणणे थांबले असेल, तर खोक्यातली एकच वस्तू काढा. ती आधी कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, सात ते दहा दिवस रोज दोनदा लावून पाहा. धुऊन टाकायची वस्तू असेल तर नेहमीइतकाच वेळ ठेवून धुवा. ॲलर्जी बऱ्याचदा काही दिवसांनी दिसते, त्यामुळे एका रात्रीच्या चाचणीवर विसंबता येत नाही. घरच्या लेपालाही हीच चाचणी लावा, कारण वनस्पतीतून आलेल्या द्रव्यांची ॲलर्जी कारखान्यातल्या द्रव्यांइतकीच खरी असते. नंतर ती वस्तू चेहऱ्यावर एक दिवसाआड सुरू करा आणि पुढची वस्तू किमान दोन आठवड्यांनी काढा, म्हणजे त्रास झाला तर दोष कुणाचा हे कळेल. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर रेटिनॉल खोक्यातच राहू द्या.

चार आठवड्यांनंतरही लाली तशीच राहिली, पापण्या सुजल्या, पाणी भरलेले फोड किंवा पिवळे खवले आले, अथवा गाल व नाकावरची लाली ऊन, तिखट किंवा गरम पेयाने भडकत असेल, तर तो लेपांचा राहिलेला परिणाम नसून इसब, संसर्ग किंवा रोझेशिया (चेहरा वारंवार लाल होण्याचा त्वचाविकार) असू शकतो. तेव्हा पुढची खरेदी थांबवून ते पैसे एका वैद्यकीय तपासणीसाठी वापरा, आणि जाताना गेल्या तीन महिन्यांत चेहऱ्याला लावलेल्या प्रत्येक गोष्टीची यादी, लिंबू-सोड्यासकट, सोबत न्या.